कट्टा, गाठ आणि फोर्कलिफ्ट

पावसाळ्यात मेळघाटातल्या कित्येक गावांची वाट बंद होते, म्हणून नवसंजीवन योजनेत तिथलं रेशनचं धान्य आधीच पोहोचवून ठेवण्याची तरतूद आहे. त्यामुळे उन्हाळा सरता सरता धारणीकडच्या गोदामांवर घाई असते. 50 किलोचा एक कट्टा, 10 टनांच्या ट्रकमध्ये असे 200. सगळे माणसाच्या पाठीवरून उतरतात आणि थप्पीला लागतात. ‘एक फोर्कलिफ्ट आणा ना’ असं म्हणायला काय जातं! पण आणायची कोणती?

नेहमी दिसते ती काउंटरबॅलन्स. पुढे दोन काटे, मागे बिडाचं जड वजन आणि मधे टेकूसारखी पुढची चाकं. म्हणजे चालता तराजूच. ‘2 टन’ क्षमतेचा अर्थ असा, की ओझ्याचा मध्य काट्यांच्या मुळापासून साधारण 500 मिलिमीटरवर असेल तरच 2 टन. माल लांबट निघाला, मध्य पुढे सरकला, की क्षमता घटते आणि मागची चाकं उचलली जाऊ लागतात. ही गाडी वळतेही मागच्या चाकांवर, त्यामुळे तिची शेपूट बाहेर फेकली जाते. भरलेली गाडी उतारावरून मागे घेत उतरवायची, नाहीतर माल पुढे सांडतो. बंद गोदामात डिझेलच्या धुरापेक्षा बॅटरीची बरी.

भिवंडीतल्या उंच रॅकच्या गोदामांत रीच ट्रक लागतो. त्याचे काटे पुढे-मागे सरकतात, म्हणून अरुंद गल्लीतही तो वळतो. धारणीला त्याचं काही काम नाही.

वऱ्हाडात यंत्र खरं शोभतं ते जिनिंग-प्रेसिंगमध्ये. कापसाची गाठ साधारण 170 किलोची, घट्ट आणि चौकोनी. तिला पॅलेट लागतच नाही: काट्यांच्या जागी क्लॅम्पचे दोन पंजे बसवले की दोन्ही बाजूंनी दाबून ते गाठी उचलतात. मात्र कापूस आहे, ठिणगी चालत नाही.

कट्ट्याचं तसं नाही. जमिनीवर पडलेल्या कट्ट्याखाली काटा शिरत नाही. आधी तो पॅलेटवर रचावा लागतो. हे काम माल भरतानाच झालं, तर 20 कट्ट्यांच्या पॅलेटप्रमाणे 10 खेपांत ट्रक रिकामा होईल. सुटे कट्टे आले, तर हमालाने ते आधी पॅलेटवर लावायचे आणि मग यंत्राने उचलायचे. यात वाचलं काय? हाताने ओढायचा पॅलेट ट्रक स्वस्त, दोन-अडीच टन सहज ओढतो, पण त्याला गुळगुळीत फरशी हवी आणि तो माल जमिनीपासून जेमतेम उचलतो. धारणीसारख्या गोदामाला माझ्या मते आधी चाकांवरचा, तिरका उभा राहणारा सरकता पट्टा घ्यावा. कट्टा थप्पीच्या माथ्यावर तो नेईल, माणसाने फक्त लावून घ्यायचा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची कमाल मर्यादा 55 किलो सुचवली. आपला कट्टा त्या काठावरच आहे, आणि तो दिवसभर उचलायचा असतो. महाराष्ट्रात हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे. पण हमाली पुष्कळदा नगावर किंवा वजनावर मोजली जाते. पट्टा आला की हमालाच्या वाट्याचं काम बदलतं, म्हणून तो बसवण्याआधी हमालांच्या टोळीशी नवा दर ठरवायला हवा, आणि पट्टा चालवायचं काम त्याच टोळीतल्या कुणाला तरी द्यायला हवं.