वहीवर तारीख घातलीत का?

दोस्तांनो, पटकन सांगा पाहू, गेल्या आठवड्यात तुम्ही काय वाचलंत? काय खेळलात? काय पाहिलंत? आणि गृहपाठ सोडून काय लिहिलंत?

डोकं खाजवताय ना? माझंही तसंच व्हायचं. म्हणून मी एक शंभरपानी वही केली आहे. दर रविवारी तिच्यात चार ओळी लिहितो : लिहिलं, खेळलं, वाचलं, पाहिलं. बस्स! फार झालं तर पाच मिनिटं लागतात.

खरं म्हणजे अशी एक वही मी शाळेत असतानाही केली होती. परवा ती माळ्यावर सापडली. एका पानावर लिहिलं होतं, 'आज फार मज्जा आली. शेवटी आम्हीच जिंकलो.' आम्ही म्हणजे कोण? कशात जिंकलो? कोणत्या वर्षी? काही म्हणजे काही आठवेना. तारीखच नव्हती घातली!

एवढं काय त्या तारखेचं, असं वाटतंय? मग अंबरनाथला चला. स्टेशनापासून थोड्या अंतरावर, वालधुनी नदीच्या काठी, शिवमंदिर आहे. भिंतींवर बोटभरही जागा मोकळी सोडलेली नाही, इतकं कोरीवकाम! हे मंदिर किती जुनं, हे कसं कळलं? तिथे शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला एक शिलालेख आहे. त्यावर तारीख कोरली आहे : शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार. म्हणजे इसवी सन १०६०. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकात हा लेख पहिल्यांदा वाचला गेला, तेव्हा झिजलेल्या दगडावरचा ९ हा ७ वाटला. झालं! मंदिर एकदम २०० वर्षांनी म्हातारं झालं. पुढे अभ्यासकांनी पुन्हा नीट पाहून तो आकडा सुधारला. एका आकड्याचा हा घोटाळा. आकडाच नसता तर?

आता अंबरनाथहून कल्याणच्या दिशेने एकच स्टेशन मागे या. उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, 'कल्याण कॅम्प'. १९४७ च्या फाळणीत सिंधमधून घरदार सोडून आलेल्या हजारो माणसांना त्या बराकींत आसरा मिळाला. १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नवं नाव मिळालं, तरी पत्ता सांगताना लोक अजून 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतात.

इथल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांच्या हातच्या वह्या असतील. कुणाचा हिशेब, कुणाची भजनं, कुणाची पत्रं. तारीखही घातलेली असेल. पण अडचण वेगळीच आहे. सिंधी पूर्वीपासून अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. उजवीकडून डावीकडे, ५२ अक्षरं! ती देवनागरीतही लिहिता येते. त्यासाठी ग, ज, ड, ब या अक्षरांखाली रेघ देऊन चार जादा अक्षरं केली आहेत, कारण ते आवाज सिंधीत श्वास आत ओढून काढतात. (करून बघा. मला अजून जमलेलं नाही.) घरी फर्डी सिंधी बोलणाऱ्या अनेक मुलांना मात्र आजीची ती जुनी लिपी वाचता येत नाही. वही समोर आहे, भाषा येते, तरी वाचता येत नाही! तुमच्या घरी अशी वही असेल, तर या रविवारी आजीजवळ बसा, ती मोठ्यानं वाचून घ्या आणि तुम्हाला येत असेल त्या लिपीत उतरवून काढा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. मराठी घरांतही पणजोबांची मोडीतली कागदपत्रं असतात, आणि तिथेही हीच गत असते.

आईबाबांनो, हे तुम्हालाही आहे बरं का! लेक मदत मागायला आली, तर 'आत्ता नको' म्हणू नका.

वाचण्यासाठी बदलापूरला जा. तिथे श्याम जोशी यांनी उभं केलेलं 'ग्रंथसखा' ग्रंथालय आहे. जुनी, दुर्मिळ पुस्तकं आणि मासिकं तिथे जपून ठेवली आहेत. जुन्या अंकातल्या जाहिरातीसुद्धा वाचायला धमाल येते. मला त्या गोष्टींपेक्षा जास्त आवडतात, हे खरं तर सांगायला नको.

खेळ? क्रिकेट खेळलो, एवढंच लिहू नका. कोणत्या गल्लीत, काय नियम, आउट कशाला म्हणायचं, तेही लिहा. अंबरनाथला 'विमको'चा काडेपेट्यांचा मोठा कारखाना होता. काडेपेट्यांवरची चित्रं, म्हणजे छाप, गोळा करून त्यांवर डाव मांडणारी मुलं तेव्हा गल्लोगल्ली होती. त्या डावाचे नियम आता कुणाला विचारायचे? 'विमको नाका' हे नाव तेवढं उरलंय.

आणि 'पाहिलं' म्हणजे फक्त टीव्ही नव्हे हं! बदलापूरहून वांगणीकडे जाताना गाडीच्या खिडकीतून चंदेरीचा सुळका दिसतो. पावसाळ्यात ढग त्याला कुठपर्यंत झाकतो, ते चार रविवार लिहून ठेवा.

एक शेवटचं. वही पेन्सिलीनं लिहा. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचं पाणी कितीतरी घरांत शिरलं. ओल्या वहीतली शाई पसरते, पण पेन्सिलीचं लिहिलेलं तसंच राहतं. पानं सुटी करून, पंख्याखाली वाळवून पुन्हा वाचता येतात. आणि पेन्सिलीला टोक करा. ९ चा ७ दिसता कामा नये!