निरंक आणि कोरे : आभासी प्रोसेसरच्या दोषस्थितीचे स्थिर आंतरपृष्ठ

सरकारी विवरणपत्रात ‘निरंक’ असे लिहिणे आणि रकाना कोरा सोडणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे कोणताही अनुभवी कारकून जाणतो. निरंक म्हणजे शोध घेतला, परंतु नोंद करण्याजोगे काही आढळले नाही. कोरा रकाना म्हणजे त्या बाबतीत काही सांगितलेच गेले नाही. पहिले विधान आहे, दुसरे मौन आहे. संगणकाच्या स्मृतीत मात्र या दोहोंसाठी बहुधा एकच चिन्ह वापरले जाते, ते म्हणजे शून्य. प्रोसेसरच्या दोषस्थितीविषयी दोन आज्ञावलींमध्ये होणारा व्यवहार दीर्घकाळ टिकवावयाचा असेल तर या शून्याचा अर्थ निश्चित करणे हे त्या रचनेतील सर्वांत महत्त्वाचे काम ठरते.

एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक नांदत आहेत असा भास निर्माण करता येतो. अशा प्रत्येक संगणकास आभासी यंत्र म्हणतात. लिनक्स प्रणालीत हे कार्य तिच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा, ‘केव्हीएम’ हा भाग करतो. २००७ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या २.६.२० या आवृत्तीपासून तो कर्नेलमध्ये समाविष्ट आहे. आभासी यंत्राचा सगळाच कारभार मात्र कर्नेल पाहत नाही. त्याची उपकरणे पुरविणे, ते थांबविणे, एका यजमान यंत्रावरून दुसऱ्यावर हलविणे ही कामे कर्नेलबाहेरची व्यवस्थापक आज्ञावली करते. या दोघांच्या सीमेवर ठरलेल्या संकेतांचा जो संच असतो, त्यास आंतरपृष्ठ म्हणावे.

या सीमेवरून प्रोसेसरची दोषस्थिती का न्यावी लागते, हे प्रथम पाहिले पाहिजे. आर्म रचनेच्या प्रोसेसरांत ‘एस-एरर’ नावाचा एक दोष असतो. तो ज्या कृतीमुळे उद्भवला त्या कृतीच्या क्षणीच प्रकट होईल असे नाही. पाहुण्या प्रणालीने अशा दोषांना दार लावून घेतले असेल, तर ते उघडेपर्यंत तो प्रलंबित राहतो. हे प्रलंबित असणे पाहुण्या प्रणालीच्या नेहमीच्या रजिस्टरांत नोंदलेले नसते. नेमक्या त्याच वेळी आभासी यंत्र दुसऱ्या यजमानाकडे हलविले आणि केवळ रजिस्टरांची नक्कल केली, तर दोष मागेच राहील. बँकेच्या खातेवहीचा भार वाहणारी पाहुणी प्रणाली बिघडलेल्या माहितीवर निःशंकपणे काम करीत राहील आणि तिला इशारा देणारा कोणीही उरणार नाही. यंत्र कोसळले तर निदान ते कळते. येथे तेही कळणार नाही.

यासाठी २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या ४.१९ या आवृत्तीत आर्म प्रोसेसरांकरिता एक ठराविक नमुना सिद्ध करण्यात आला. कर्नेलकडून स्थिती वाचण्यास आणि ती परत लिहिण्यास तोच ६४ बाइटांचा नमुना वापरतात. त्यातील पहिला बाइट दोष प्रलंबित आहे की नाही हे सांगतो. पुढे एका स्वतंत्र जागी दोषाचा लक्षण-संकेत असतो. परंतु या दोहोंच्या दरम्यान आणखी एक बाइट आहे, आणि रचनेचे मर्म त्यातच आहे : लक्षण-संकेत दिला आहे की नाही, एवढेच तो सांगतो. काही प्रोसेसरांना हा संकेत बाहेरून ठरवून देता येतो, काहींना येत नाही. शून्य हाही संभाव्य संकेत असल्यामुळे, हा बाइट नसता तर ‘संकेत शून्य आहे’ आणि ‘संकेत दिलेला नाही’ ही दोन विधाने एकरूप झाली असती. प्रत्यक्षात, संकेत न दिल्यास कर्नेल स्वतः एक संकेत निवडतो. प्रोसेसरला तो स्वीकारण्याची सोय नसताना दिल्यास, किंवा ठरवून दिलेल्या २४ बिटांबाहेर काही लिहिल्यास, संपूर्ण विनंती नाकारली जाते.

एक्स८६ कुळातील प्रोसेसरांकरिता २०१० मध्ये २.६.३३ या आवृत्तीत असाच नमुना आला होता. तेथे हा भेद अधिक ठळक आहे. भागाकाराच्या दोषाचा क्रमांकच शून्य आहे. म्हणून ‘क्रमांक शून्य’ याचा अर्थ ‘दोष नाही’ असा लावता येत नाही; दोष आहे की नाही हे वेगळ्या जागी सांगावे लागते. शिवाय या दोषाबरोबर प्रोसेसर स्मृतीत कोणताही दोषांक ठेवीत नाही, तर ‘दुहेरी दोष’ या प्रकारात दोषांक ठेवतो, पण तो सदैव शून्यच असतो. पहिल्यात मौन आहे, दुसऱ्यात निरंक. हा फरक केवळ तात्त्विक नव्हे : एक अंक अधिक किंवा उणा झाल्यास परतीचा पत्ता एका घराने सरकतो आणि पाहुणी प्रणाली भलत्याच ठिकाणी परत जाते.

भाषेच्या अभ्यासकास ही समस्या अपरिचित वाटू नये. ‘दगड’ हा शब्द एकवचनी आहे की अनेकवचनी, हे त्याच्या रूपावरून कळत नाही. ‘दगड पडला’ आणि ‘दगड पडले’ यांत ती सूचना क्रियापद देते. एक रूप जेथे मौन पाळते तेथे दुसऱ्याने बोलावे लागते. पाणिनीनेही लोपाला केवळ अभाव मानले नाही. लुप्त प्रत्ययाचे कार्य उरते अशी व्यवस्था त्याच्या व्याकरणात आहे. तथापि बोलणाऱ्यास संदर्भाचा आधार असतो आणि शंका आल्यास प्रतिप्रश्न करता येतो. आंतरपृष्ठास ही मुभा नाही. म्हणून तेथे मौनालाही स्वतःचे चिन्ह द्यावे लागते.

आता स्थैर्याचा विचार. केव्हीएमच्या आंतरपृष्ठाचा आवृत्ती-क्रमांक १२ आहे. २.६.२० आणि २.६.२१ या आवृत्त्या याहून जुने क्रमांक सांगत. त्यानंतर तो बदललेला नाही आणि बदलेल अशी अपेक्षाही नाही. वाढ होते ती क्रमांक वाढवून नव्हे, तर नव्या क्षमतांची नावे जोडून. व्यवस्थापक आज्ञावली ‘ही क्षमता आहे काय?’ असे विचारते आणि उत्तर मिळाल्यावरच पुढे जाते. २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, तरी तेथील वाहनांवरचा ‘एमएच २०’ हा संकेत तोच राहिला. तो दुसऱ्या जिल्ह्यास देऊन टाकला असता तर प्रत्येक जुनी नोंद संदिग्ध झाली असती. वापरात आलेल्या संकेताचा अर्थ न बदलणे, हेच स्थैर्य होय.

परंतु उद्याच्या गरजा आज ठाऊक नसतात. त्यासाठी आर्मच्या नमुन्यात काही बाइट मोकळे ठेवले आहेत, आणि त्यांत शून्याखेरीज काही आढळल्यास कर्नेल नमुना नाकारतो. ही कठोरता वरवर अनावश्यक वाटेल. पण तिच्यावाचून मोकळी जागा खऱ्या अर्थाने मोकळी राहत नाही. कोणी तेथे निष्काळजीपणे केरकचरा ठेवला असता, तर उद्या त्या कचऱ्यालाच अर्थ प्राप्त झाला असता. २०२० च्या जानेवारीतील ५.५ या आवृत्तीत याची प्रचीती आली. त्या मोकळ्या जागेतील एक बाइट बाह्य स्मृतिदोष पाहुण्या प्रणालीस कळविण्यासाठी घेण्यात आला. नमुन्याची लांबी बदलली नाही, आणि तेथे शून्य लिहिणाऱ्या जुन्या आज्ञावलींचे म्हणणेही बदलले नाही.

अर्थात शून्याचा अर्थ ठरविला म्हणजे तो सर्वत्र सारखाच होतो असे नाही. आर्मच्या नमुन्यातील पहिल्या बाइटात वाचताना शून्य आढळले तर त्याचा अर्थ ‘एस-एरर प्रलंबित नाही’ असा, म्हणजे निरंक. तेच शून्य लिहिले तर त्याचा अर्थ ‘प्रलंबित दोष रद्द करा’ असा होत नाही. एकदा प्रलंबित केलेला एस-एरर या मार्गाने मागे घेता येत नाही. लिहिताना ते शून्य म्हणजे केवळ कोरा रकाना. म्हणून नमुन्याइतकेच त्याचे स्पष्टीकरणही आंतरपृष्ठाचा भाग मानले पाहिजे. स्थैर्य चांगल्या निर्णयांबरोबर चुकाही जतन करते. एकदा रूढ झालेली संदिग्धता सहजी मागे घेता येत नाही. यास्तव कोणताही नवा रकाना आखण्यापूर्वी एकच प्रश्न विचारणे श्रेयस्कर : येथे कोणी काहीच लिहिले नाही, तर ते वाचणाऱ्यास काय समजेल?