दोरी कोणाच्या हाती?

१५ ऑगस्टच्या सकाळी समाजाच्या शाळेत वा वसतिगृहाच्या पटांगणात ध्वजवंदन होते, तेव्हा सर्वांची दृष्टी प्रमुख पाहुण्यांवर आणि ध्वजावर असते. स्तंभाजवळ उभ्या असलेल्या पाच-सहा स्काउट-गाइडांकडे फारसे कोणी पाहत नाही. ध्वज नीट उलगडला तर त्यांचे अस्तित्वही जाणवत नाही; तो अर्ध्यावर अडकला की मात्र सारे पटांगण त्यांच्याकडेच पाहू लागते. असे ध्वजपथक उभे करणे हे अनेक संस्थांत आदल्या सायंकाळी उरकण्याचे काम समजले जाते. वास्तविक त्यासाठी दीड-दोन महिन्यांची नियमित तयारी हवी.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले. भारतात ही चळवळ १९०९ मध्ये आली. पण आरंभी तिच्यात भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. पुढे मद्रासेत ॲनी बेझंट यांनी आणि अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र पथके उभारली. या सर्व प्रवाहांचे एकत्रीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही संस्था अस्तित्वात आली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाइड संघटनाही तिच्यात सामील झाली. ज्या चळवळीचे दार भारतीय मुलांना एकेकाळी बंद होते, तिच्याच गणवेशात आज मुलगा-मुलगी तिरंग्याची दोरी हाती धरतात, एवढे तरी पथकातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

पथकाची रचना साधी असते. ध्वजधारी, त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक रक्षक, स्तंभाशी दोरी सांभाळणारा, आज्ञा देणारा नायक आणि किमान दोन राखीव. या राखीव मुलांकडे बहुधा दुर्लक्ष होते. ऐनवेळी ताप कोणालाही येतो. काही वर्षी पर्युषण पर्व आणि स्वातंत्र्यदिन अगदी लागून येतात. तेव्हा उपवास असलेल्या मुलाला तासभर उन्हात सावधान स्थितीत उभे करणे योग्य नव्हे. गुडघे ताठ आवळून उभे राहिल्याने धडधाकट मुलांनाही भोवळ येते. गुडघे किंचित सैल ठेवण्यास पहिल्याच दिवशी शिकवावे.

खरा पेच येतो तो निवडीच्या वेळी. समाजात पहिल्या अभिषेकाचा, आरतीचा मान बोलीने ठरतो. त्या परंपरेमागे दानाची प्रेरणा आहे आणि तिच्या बळावर कित्येक मंदिरांचे जीर्णोद्धार झाले आहेत. परंतु त्याच सवयीने गणवेशाचा खर्च देणाऱ्या दात्याच्या नातवाला किंवा विश्वस्तांच्या मुलीला पुढे उभे करण्याचा आग्रह होतो, तेव्हा स्काउट मास्तरांची कुचंबणा होते. दात्याचा सत्कार व्यासपीठावर अवश्य करावा. दोरीचा मान मात्र बोलीत काढता येत नाही. जो मुलगा आठ आठवडे पहाटे सरावाला आला आणि ज्याच्या हाताला ती गाठ बसली, त्याच्याऐवजी दुसरा उभा राहिला तर दोन्ही मुलांची हानी होते. एकाला कष्ट वाया गेल्याचे दिसते, दुसऱ्याला कष्टावाचून मिळते हे शिकायला मिळते. व्यापारी घराण्यांना हजेरीवहीचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. सरावाची हजेरी फळ्यावर सर्वांना दिसेल अशी लिहिली, तर निवडीचा वाद बहुतांशी तेथेच मिटतो.

सरावाचा सर्वाधिक वेळ घडीवर जावा. ध्वज उलगडण्यासाठी तो घडी घालून दोरीने असा बांधतात की एका झटक्यासरशी सरकगाठ सुटावी. गाठ चुकून दुहेरी पडली की ध्वज वर जाऊन तसाच गुंडाळलेला राहतो. आत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास ध्वजसंहितेची अनुमती आहे, पण त्या मूठभरच असाव्यात. ओल्या पाकळ्यांच्या भाराने घडी चिकटते. ऑगस्टातील पावसात सुती दोर फुगतो आणि कप्पीत अडतो. म्हणून आदल्या दिवशी कप्पीला तेल द्यावे, दोर पूर्ण उंचीपर्यंत दोनदा चालवून पाहावा आणि एकदा तरी भर पावसात सराव घ्यावा. शिबिरात मुले ज्या गाठीला शीट बेंड म्हणतात ती ध्वज दोराला जोडण्यासाठी, तर क्लोव्ह हिच दोर स्तंभाला बांधण्यासाठी. या दोन गाठी डोळे मिटून बांधता येईपर्यंत संचलनाचा सराव सुरू करू नये. केशरी पट्टा वर आहे ना, हे दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे. एकाचीच नजर पुरेशी मानली की घोटाळा होतो.

१५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवावा आणि २६ जानेवारीला वरच बांधलेला ध्वज उलगडावा, असा प्रचलित भेद आहे. कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी तो संयोजकांनी ध्यानात घ्यावा. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. तेवढा वेळ पापणीही न हलविता उभे राहणे अकरा वर्षांच्या मुलाला वाटते तितके सोपे नसते.

महावीर जन्मकल्याणकाच्या शोभायात्रेत पथकाला बोलावले जाते, तेव्हा निराळा प्रश्न उभा राहतो. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने स्वीकारलेला पंचरंगी जैन ध्वज आणि तिरंगा यांत पुढे कोण? २००२ पासून लागू असलेल्या भारतीय ध्वजसंहितेने याचे उत्तर दिले आहे. मिरवणुकीत राष्ट्रध्वज चालणाऱ्यांच्या उजव्या बाजूस असावा. अन्य ध्वजांची ओळ असल्यास त्या ओळीच्या मध्यासमोर पुढे असावा. तो कोणत्याही व्यक्तीला वा वस्तूला वंदन म्हणून झुकविला जात नाही, त्यामुळे रथासमोर येताच ध्वजधाऱ्याने हात खाली आणू नये. यात धर्माची अवज्ञा नाही, हे मुलांच्या आजी-आजोबांना आधीच समजावून सांगितलेले बरे. यात्रेच्या गर्दीत तो खुलासा करीत बसण्यास वेळ नसतो.

साहित्याविषयीही थोडे. काठी तोलण्यासाठी खांद्यावरून घेतला जाणारा पट्टा पूर्वीपासून चामड्याचा असतो. जाड कॅनव्हासचा पट्टा तितकेच काम देतो आणि कुटुंबांची अडचण दूर होते. ध्वजाच्या कापडासाठी संहितेने सुती, लोकरी, रेशमी आणि २०२१ च्या अखेरीपासून पॉलिएस्टरही मान्य केले आहे. तेव्हा रेशीम टाळणे सहज शक्य आहे. शिबिरात मात्र वेळापत्रक जुळवावे लागते. तेथे सायंकाळी ध्वज सूर्यास्तापूर्वी उतरवितात आणि चौविहार पाळणाऱ्या मुलांचे भोजनही त्याच सुमारास आटोपायला हवे. भोजन अर्धा-पाऊण तास आधी ठेवले की दोन्ही साधते; पण हे स्वयंपाकघराला सकाळीच कळवावे लागते.

ध्वज चढवावा चपळाईने आणि उतरवावा सावकाश. चढविताना पाहुणे आणि छायाचित्रकार असतात; उतरविताना पटांगण रिकामे असते आणि दमलेली मुले घाई करतात. अनुभवी स्काउट मास्तर म्हणूनच सायंकाळी स्वतः येऊन उभे राहतात. फाटलेला वा विटलेला ध्वज कपाटात कोंबून ठेवू नये. संहितेनुसार तो पूर्णपणे आणि खासगीरीत्या, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा.

दहावीचे वर्ष आले की पथकातील जाणती मुले एकदम गळतात. त्यामुळे जूनमध्ये शाळा उघडताच आठवीच्या मुलांनी सहावीतल्यांना गाठी शिकविण्यास आरंभ करावा. साहित्याच्या पेटीची एक किल्ली स्काउट मास्तरांकडे आणि दुसरी त्या वर्षीच्या नायकाकडे असावी.