चालणारा हत्ती ठणठणीत असतो का?

जुलै २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी ऊर्फ माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरच्या वनतारा या प्राणी बचाव व पुनर्वसन केंद्रात गेली. तिच्या तपासणीत संधिवात, पायांची कुज आणि वाढलेली नखे नोंदली गेली होती. मठाला ते मान्य नव्हते. ‘ती तर चालत होती, मग आजारी कशी?’ असे अनेकांनी विचारले. लोकांची तिच्यावरची माया खरी होती, यात शंका नाही. चालतोय म्हणजे बरा, हा समज मात्र चुकीचा आहे.

हत्ती दुखणे बराच काळ दाखवत नाही. तो लंगडताना दिसतो, तोवर आजार जुना झालेला असतो. आधीच्या खुणा बारीक असतात: सारखा पाय बदलत राहणे, भिंतीला टेकणे आणि रात्री आडवे न होणे. हत्ती उभ्यानेच झोपतो, असे अनेकांना वाटते. डुलकी तो उभ्याने काढतो, पण गाढ झोपेसाठी आडवा होतो. सांधे दुखत असले की पुन्हा उठणे जड जाते, म्हणून तो आडवा होणेच टाळतो. सकाळी त्याच्या कुशीला माती लागली आहे का, हे रोज पाहायला हवे.

‘एवढा मोठा प्राणी, त्याचे तळवे दगडासारखेच!’ हाही गैरसमजच. आतून हत्ती जवळजवळ बोटांच्या टोकांवर उभा असतो आणि मागे चरबीची जाड गादी असते. काही टनांचे वजन तीच पेलते. साखळीला बांधून ओल्या फरशीवर वर्षानुवर्षे उभे ठेवले, तर नखे फाटतात, तळव्याला भेगा पडतात, पू होतो आणि संसर्ग हाडापर्यंत जातो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा तापलेल्या डांबरावर कोणताही हत्ती चालवू नये, दुखऱ्या पायाचा तर नाहीच.

एकदा लेप लावला की काम भागत नाही. रोज पाय धुणे, औषधी पाण्यात बुडवून ठेवणे, कानशीने नखे घासणे, मऊ जमिनीवर हळूहळू फिरवणे, हे आयुष्यभर चालते. दुखापत झालेल्या हत्तीला जागीच बांधून ‘आराम’ देणे तर घातकच, कारण हालचाल थांबली की सांधे आखडतात. पाय बिघडण्याआधीच काळजी घेण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीच्या कमलापूर कॅम्पमध्ये हिवाळ्यात हत्तींना कामातून सुटी मिळते आणि वनौषधींच्या गरम लेपाने पाय शेकले जातात. तिथे त्याला ‘चोपिंग’ म्हणतात.

भक्तिभावाने दिलेला गूळ आणि लाडू वजन वाढवतात. तो भार शेवटी त्याच पायांवर येतो.

कृत्रिम पाय बसवला की प्रश्न मिटतो, असेही नाही. थायलंडच्या लाम्पांगमधल्या हत्ती रुग्णालयातली मोशा ही हत्तीण पिल्लू असतानाच भूसुरुंगात पाय गमावून बसली. तिचे वजन वाढत गेले, तसा कृत्रिम पायही पुन्हा पुन्हा नव्याने घडवावा लागला.

ऑगस्ट २०२५ मध्ये वनताराने नांदणीतच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच्या आराखड्यात उपचारासाठी पाण्याचे कुंड, रबरी जमीन आणि टेकून विसावण्यासाठी मऊ वाळूचे ढीग होते.