काय काढायचे, काय राखायचे

बेळगावच्या कॅम्पात पितळ घासणे हा शिस्तीचाच एक भाग आहे. 1768 पासूनचा वारसा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र जिथे आहे, तिथे पट्ट्याचे बक्कल आणि टोपीवरचा बिल्ला आरशासारखा असावा लागतो आणि ब्रासो हा शब्द शेजारच्या दुकानदारालाही समजावून सांगावा लागत नाही. पण छावणीतल्याच एका पितळी वस्तूला हा नियम लावता येत नाही. ती वस्तू म्हणजे काडतुसाची पुंगळी. उडवलेली पुंगळी साफ करून, बुडात बसणारी ठिणगीची नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी भरून पुन्हा वापरणे याला रीलोडिंग म्हणतात. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत नेमबाजांचा तो जुना उद्योग आहे. त्यात पहिला प्रश्न येतो तो पुंगळ्या कशात घोळवायच्या हा. अक्रोडाच्या टरफलाचा भुगा, मक्याच्या कणसाचा भुगा, की पोलादी पिना? चर्चा बहुतेक वेळा कोणता मीडिया, म्हणजे घोळवायचा माल, जास्त चकाकी देतो यावर होते. माझ्या मते प्रश्न तिथेच चुकतो. मीडिया निवडताना त्याने काय काढावे यापेक्षा कशाला हात लावू नये, हे आधी ठरवायला हवे.

यासाठी पुंगळी कशी बनते ते पाहावे लागते. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा, तर जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा 1964 चा. रायफलीची काडतुसे तयार होतात ती वरणगावात. पुंगळीचे पितळ साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असे असते. त्याची वाटी दाबत, ओढत लांब नळी करतात. प्रत्येक ओढीला धातू कडक होत जातो, म्हणून मधूनमधून तापवून तो मऊ करावा लागतो. शेवटी हाती येते ती ठिकठिकाणी वेगवेगळ्या स्वभावाची वस्तू. बूड जाड आणि कडक, कारण बार उडताना तीन-चार हजार वातावरणदाबाच्या घरातला जोर त्याला झेलायचा असतो. मान पातळ आणि मऊ, कारण तिने क्षणभर फुगून चेंबर बंद करायचे आणि पुन्हा आकसायचे. लष्करी 7.62 ची कोरी पुंगळी उजेडात धरली, तर मानेवर आणि खांद्यावर निळसर-तपकिरी झाक दिसते. तो डाग नव्हे, मान शेवटची तापवल्याची खूण आहे. बाजारातले उत्पादक ती पॉलिश करून घालवतात. लष्करी मालावर ती राहू देतात, म्हणजे तपासणाऱ्याला काम झाल्याचे नुसत्या डोळ्यांनी कळते. पितळावरचा प्रत्येक काळसर रंग मळ नसतो, याचा हा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा इतिहासातला आहे आणि तो हिंदुस्थानातल्या छावण्यांनीच जगाला दिला. ब्रिटिश फौजेच्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत. बार उडालेला नाही, मार बसलेला नाही, तरी पेटीत ठेवलेली पुंगळी चिरलेली. पावसाळ्यात हे घडे म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूवरूनच नाव पडले. काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत साठवली जात. तबेल्यात घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटे, हवेत दमटपणा असे आणि ओढकामाचा ताण पितळात आधीच भरलेला असे. या तिन्ही गोष्टी जुळल्या की धातू कणांच्या सीमेवरून फाटत जाई. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी या प्रकाराची नीट उकल केली. उपायही मिळाला. पुंगळी सुमारे 250 अंशांच्या आसपास तापवून आतला ताण उतरवायचा आणि अमोनियापासून तिला दूर ठेवायचे. आता ब्रासोकडे वळू. पितळ चमकवणाऱ्या अनेक द्रवांत अमोनिया असतो आणि चकाकी लवकर यावी म्हणून असा द्रव टंबलरमधल्या, म्हणजे पुंगळ्या घोळवण्याच्या यंत्रातल्या, भुग्यात घालायचा मोह होतो. बक्कलाला तो चालतो, कारण बक्कलात दाब झेलण्याचा प्रश्नच नाही. पुंगळी मात्र पुन्हा दाबून मापात आणलेली, नव्याने ताण भरलेली असते. तिच्यावर अमोनिया घालणे म्हणजे तबेल्यातली चूक हाताने पुन्हा करणे होय. भुग्यात पॉलिश घालायचेच असेल तर डबीवर अमोनिया नाही असे लिहिलेले पाहूनच घ्यावे.

यंत्र दोन प्रकारचे. एक फिरते पिंप, म्हणजे बॅरल. दुसरे थरथरणारे भांडे, ज्याला कारखान्यात सगळे व्हायब्रो म्हणतात. बॅरल निम्म्याच्या आसपास भरायचा असतो, कारण घासण्याचे काम सगळ्या ढिगात होत नाही. पिंप वर चढवते आणि वरचा थर घसरत खाली येतो. त्या घसरत्या थरातच मीडिया धातूवर चालतो. वेग वाढवला की माल घसरण्याऐवजी उंचावरून आदळतो आणि पुंगळीच्या पातळ तोंडाला पोचे येतात. व्हायब्रोत मोटरीला तिरके वजन असते, त्याच्या थरथरीने सगळा माल भांड्यात गोल फिरत वर-खाली होतो. इथे आदळआपट कमी, म्हणून कोरडा भुगा आणि व्हायब्रो ही जोडी रुळली. पाणी आणि पिना घालायच्या तर घट्ट झाकणाचे पिंपच लागते. यंत्र कोणतेही असो, ते फक्त हालचाल पुरवते. धातूला प्रत्यक्ष भिडतो तो मीडिया.

कोरड्या मीडियात दोन घराणी आहेत. अक्रोडाच्या टरफलाचे कण कडांना धारदार असतात. काजळी आणि चिकट मळ ते लवकर कापतात, पण पृष्ठभाग थोडा मंद ठेवतात. मक्याचे दाणे काढून उरलेल्या कणसाचा भुगा तेल आणि ओल शोषतो, त्यामुळे शेवटचा हात फिरवायला तो चांगला. कणाचा आकार मात्र जातीइतकाच महत्त्वाचा. पाकिटावरचा 20/40 हा आकडा सांगतो की कण 20 च्या जाळीतून खाली पडतो आणि 40 च्या जाळीवर अडतो. म्हणजे तो साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटरचा. टोपीची ठिणगी दारूपर्यंत नेणारे बुडातले भोक असते सुमारे 2 मिलिमीटरचे. 12/20 च्या भरड भुग्यातले दोन कण शेजारी-शेजारी आले, तर नेमके तिथे अडकून बसतात आणि ठिणगी अर्धवट पोचते. म्हणून अनेक जण जुनी टोपी आत असतानाच पुंगळ्या घोळवतात. भोकात काही अडकत नाही, पण टोपीचा खळगा घाणेरडाच राहतो. प्रत्येक निवडीत काही राखायचे तर काही सोडावे लागते, ते असे. कोरड्या पद्धतीचा खरा दोष धूळ हा आहे. टोपीच्या मसाल्यात शिशाचे क्षार असतात. ते भुग्यात उतरतात आणि झाकण उघडून चाळताना हवेत उडतात. घरात, मुलांच्या आसपास हे काम करणे मूर्खपणाचे आहे. झाकण बंद, जागा मोकळी, तोंडावर योग्य मास्क आणि नंतर हात साबणाने धुणे ही त्याची किमान किंमत.

यावर ओल्या पद्धतीचे समर्थक म्हणतील की एवढी धूळ कशाला, स्टेनलेसच्या पिना आहेत ना. सव्वा मिलिमीटर जाडीच्या, सहा-साडेसहा मिलिमीटर लांबीच्या या पिना पाणी, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिडसह पिंपात फिरवल्या, तर पुंगळी आतून-बाहेरून नवीसारखी निघते. टोपीचा खळगाही लख्ख होतो आणि धूळ उडत नाही. हा आक्षेप वजनदार आहे आणि बऱ्याच अंशी खराही. पण पिना धातूला धातूने मारतात. तासन्‌तास फिरवल्यावर पुंगळीचे तोंड ठोकले जाऊन त्याला बारीक कडा येते. मानेच्या आत काजळीचा पातळ थर असतो, तो गोळी बसवताना वंगणासारखा उपयोगी पडतो. पिना तोही खरवडून काढतात, मग गोळी कोरड्या पितळात कमी-जास्त जोराने बसते. एखादी पीन पुंगळीत राहिली तर ती दारूबरोबर नळीतून जाते. त्यामुळे प्रत्येक पुंगळी उलटी करून पाहण्याला पर्याय नाही. पिना चुंबकाने उचलता येतात, कारण स्टेनलेसची तार थंड ओढताना थोडी चुंबकीय होते, पण ही ओढ कमकुवत असते आणि चुंबकावर सगळा भरवसा टाकता येत नाही. ॲसिडचे प्रमाण किंवा वेळ वाढली तर पितळातले जस्त सुटून वर गुलाबी तांबूस छटा येते. शिवाय पाण्यात शिसे उतरलेले असते, ते परसातल्या अळूला घालायचे नाही. राहिला वाळवण्याचा प्रश्न. बाटलीच्या आकाराच्या पुंगळीत पाणी अडते आणि बेळगावच्या जून-सप्टेंबरच्या हवेत ते चार दिवसांतही जात नाही. घाई म्हणून ओव्हन फार तापवला तर कडक ठेवायचे बूडच मऊ पडते. तापमान 100 अंशांच्या आसपास थांबवावे लागते.

दुसरा आक्षेप चकाकीच्या बाजूने येतो. चकाकीला नुसती हौस म्हणून का हिणवायचे? स्वच्छ पितळावर चीर लवकर दिसते, बुडाच्या वर उमटणारी उजळ कडी दिसते. ती कडी म्हणजे पुंगळी तिथून तुटण्याच्या बेतात असल्याची सूचना. चकाकती पुंगळी गवतात सापडतेही लवकर. हे सगळे मान्य. पण यासाठी लागते ती स्वच्छता. कण गेले, काजळी गेली, पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या डायला ओरखडे पडणार नाहीत इतपत पितळ मोकळे झाले की तपासणीचे काम भागते. त्यापुढची आरशासारखी झळाळी अचूकतेत भर घालत नाही. उलट अतिघासणीने कड्या आणि बारीक खुणा पुसट होऊ शकतात. तपासणीसाठी पितळ साफ करायचे आणि घासता घासता तपासायची खूणच घालवायची, हा उलटा व्यवहार.

स्वस्ताईचा तिसरा आक्षेप आपल्या भागात हमखास येईल. अक्रोडाचा भुगा विकत कशाला, इथे काय कमी आहे? तांदळाची कणी वापरणारे लोक परदेशातही आहेत. बेळगाव बासमतीच्या प्रदेशात ती सहज मिळेल, पण तिची जाडी बुडाच्या भोकाला अगदी बेतून शिवल्यासारखी असते आणि पिठाची धूळ वर बसते. भाताच्या तुसात वाळूच्याच जातीची सिलिका भरपूर, ती मऊ पितळाला ओरखडते. चंदगडकडे काजूच्या टरफलांचे ढीग असतात, पण त्यांत दाहक, चिकट तेल असते. ते धातूवर बसले तर साफसफाई बाजूलाच राहील. लाकडाचा भुसा मात्र मुलामा देणाऱ्या कारखान्यांत पितळ वाळवायला वर्षानुवर्षे चालतो आणि ओल्या पद्धतीनंतर पुंगळ्या वाळवायलाही चालेल, फक्त तो चाळून घ्यायचा. चिंच-मीठही देवाच्या समईला चालते. समईला दाब झेलायचा नसतो. मीडियाची परीक्षा त्याच्या किमतीवरून घ्यायची नसते. तो अडकतो का, ओरखडतो का, काही चिकटवून मागे ठेवतो का, हे पाहायचे असते.

शेवटचा आक्षेप सर्वांत सरळ आहे. इथे रीलोडिंग करतोच कोण? 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे घरच्या टेबलावर हा छंद मांडता येत नाही आणि मांडूही नये. फायरिंगनंतरच्या लष्करी पुंगळ्या मोजून जमा होतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवले, पण दोघांचेही काडतूस पॉइंट टू टूचे. त्याचा पेटता मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो, म्हणून ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. तरीही विषय परका ठरत नाही, कारण हाच प्रश्न बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेतल्या कारखान्यांच्या शेडमध्ये रोज उभा राहतो. फाउंड्रीत एके काळी कास्टिंगवरची वाळू काढायला पिंपात लोखंडी तुकडे घालून माल फिरवत. तिथे कड बोथट झाली तरी बिघडत नव्हते. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचा स्पूल मात्र त्याच्या धारदार कडेनेच तेल मोजतो. त्यावरची बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची कुसळे, काढायलाच हवी, पण चुकीच्या सिरॅमिक चिपांत तो तासभर फिरवला तर बरेबरोबर कडही गोल होते आणि व्हॉल्व्ह गळू लागतो. पुंगळीची मान आणि स्पूलची कड यांची मागणी एकच आहे.

म्हणून मीडिया घेताना क्रम असा असावा. आधी त्या वस्तूचे काम कोणत्या भागावर चालते ते ओळखायचे आणि तो भाग अस्पर्श ठेवेल असा सर्वांत सौम्य मीडिया घ्यायचा. मग त्याचा कण भोकांपेक्षा पुरेसा लहान किंवा पुरेसा मोठा आहे का ते पाहायचे. मग धूळ, पाणी आणि शिसे यांची विल्हेवाट आपल्याकडे होईल का ते तपासायचे. वेळ सर्वांत शेवटी ठरवायची आणि तीही शक्य तितकी कमी. या कसोटीवर रायफलीच्या पुंगळीसाठी माझे मत मक्याच्या बारीक भुग्याला जाते. मळ जास्त असेल तर आधी थोडा वेळ अक्रोड, आणि पिना फक्त खळगा खरोखर भरून गेला असेल तेव्हाच. त्यातून निघणारे पितळ बक्कलाइतके चमकणार नाही. कवायतीच्या तपासणीत ते नापास होईल, चेंबरमध्ये पास होईल, आणि पुंगळीची परीक्षा चेंबरमध्येच असते.