‘गैरवर्तन’ म्हणून सैन्यातून काढलं, तर फेरविचार नेमका कशाचा होतो?

न्यायालयाचे निकाल, आयोगांचे आदेश, अपिलाच्या फायली असलं काही डेटा म्हणून वापरायचं तुमच्या मनात असेल, तर पहिला मोह होतो तो शेवटच्या ओळीचा. मंजूर की नामंजूर? एक्सेलमध्ये एक रकाना करायचा, त्यात १ किंवा ० भरायचं आणि विश्लेषणाला लागायचं. हे का पुरत नाही ते समजून घ्यायला अमेरिकेतल्या एका प्रकारचे निर्णय फार उपयोगी आहेत. गैरवर्तनाच्या कारणाने सैन्यातून काढलेला माजी सैनिक अर्ज करतो की माझ्या डिस्चार्जचा दर्जा वाढवून द्या, आणि त्यावर एक बोर्ड निर्णय देतं. ही पद्धत आधी समजून घेऊ, मग संशोधक म्हणून ती कशी वाचायची ते पाहू.

कागदावरचा एक शब्द

अमेरिकन सैन्यातून बाहेर पडताना प्रत्येकाला ‘डीडी-२१४’ नावाचा कागद मिळतो. किती वर्षं सेवा केली, कुठे केली, कोणती पदकं मिळाली हे सगळं त्यावर असतं. त्यातच एका चौकटीत सेवेचा दर्जा लिहिलेला असतो. मुख्य दर्जे पाच: ऑनरेबल, जनरल, अदर दॅन ऑनरेबल, बॅड कंडक्ट आणि डिसऑनरेबल. शेवटचे दोन फक्त कोर्ट-मार्शलच्या शिक्षेतून येतात. पहिले तीन मात्र प्रशासकीय आहेत, म्हणजे खटला न चालवताही ते देता येतात. गैरवर्तनासाठी काढलेले बहुतेक सैनिक या तिनांतच सापडतात.

एका शब्दाने काय बिघडतं? बरंच बिघडतं. सरकारी खर्चाने कॉलेजला जाण्याची जी प्रसिद्ध ‘जीआय बिल’ सवलत आहे, तिला ऑनरेबल दर्जा लागतो. जनरलसुद्धा चालत नाही. अदर दॅन ऑनरेबल असेल तर माजी सैनिकांसाठीच्या खात्यात उपचार मिळतील की नाही, हे ते खातं वेगळी चौकशी करून ठरवतं. शिवाय नोकरी देणारा डीडी-२१४ मागतो. त्यावर ‘गैरवर्तन, अमली पदार्थ’ असं कारण छापलेलं असेल, तर पुढची मुलाखत कशी जाईल याची कल्पना तुम्हीच करा.

दाद मागायची दोन दारं

१९४४ च्या ज्या कायद्याने शिक्षणाची सवलत दिली, त्याच कायद्याने डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डही निर्माण केलं. हा योगायोग नव्हता. सवलत दर्ज्याला बांधली की दर्ज्याविरुद्ध दाद मागायची सोयही लागतेच. तेव्हा ‘ब्लू डिस्चार्ज’ नावाचा प्रकार होता. निळ्या कागदावर छापलेला, ना सन्मानाचा ना अपमानाचा. समलिंगी असल्याचा संशय असलेल्यांना आणि काळ्या सैनिकांना तो प्रमाणाबाहेर दिला जाई, आणि तो हातात पडलेल्यांना सवलती नाकारल्या जात. १९४७ मध्ये तो बंद झाला.

आज पहिलं दार म्हणजे हेच रिव्ह्यू बोर्ड. डिस्चार्जनंतर १५ वर्षांच्या आत तिथे अर्ज करता येतो. अर्जदाराला मागता येतं की फक्त कागदपत्रांवर निर्णय द्या, किंवा मला समोर बोलू द्या. जनरल कोर्ट-मार्शलने दिलेला डिस्चार्ज मात्र या बोर्डाच्या हाती नाही. दुसरं दार म्हणजे सैनिकी नोंदी दुरुस्त करणारं बोर्ड. त्याचा पाया १९४६ च्या कायद्यात आहे आणि त्याचे सदस्य नागरी अधिकारी असतात. तिथली मुदत चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षं, पण न्यायाच्या दृष्टीने गरज वाटली तर बोर्ड ती माफ करू शकतं. म्हणून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची प्रकरणंही तिथे दिसतात. आणखी एक गोष्ट: अर्ज केला म्हणून रिव्ह्यू बोर्ड दर्जा खाली आणू शकत नाही.

‘केलं का?’ हा प्रश्नच नाही

बहुतेक वाचक इथेच गोंधळतात. आपण धरून चालतो की बोर्ड पुन्हा खटला चालवतं. तसं नसतं. रिव्ह्यू बोर्ड दोन गोष्टी तपासतं. पहिली, डिस्चार्ज नियमानुसार होता का: वस्तुस्थितीत, कायद्यात किंवा पद्धतीत अशी चूक झाली का, जिच्यामुळे सैनिकाचं नुकसान झालं? दुसरी, तो न्याय्य होता का: तेव्हाच्या शिस्तीच्या मापाने शिक्षा जास्त होती का, आजचे नियम असते तर निकाल वेगळा लागला असता का, त्याची एकूण सेवा कशी होती?

सुरुवातीला पारडं सरकारच्या बाजूने झुकलेलं असतं. सरकारी काम रीतसरच झालं असेल असं बोर्ड गृहीत धरतं; ते गृहीतक मोडून काढायची जबाबदारी अर्जदाराची. जुनी फाइल अर्धवट असेल तर याचा फटका कुणाला बसतो, हे वेगळं सांगायला नको.

मानसिक आघाताच्या बाबतीत हे पारडं थोडं हललं. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताण-विकार, हे निदान अमेरिकन मनोविकार संघटनेच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली. व्हिएतनामहून परतलेल्या आणि त्याआधीच काढून टाकलेल्या सैनिकाच्या फायलीत हा शब्द असणंच शक्य नव्हतं. ३ सप्टेंबर २०१४ रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री चक हेगल यांनी नोंद-दुरुस्ती बोर्डांना सूचना दिली की अशा अर्जांचा ‘उदारपणे विचार’ करा. २५ ऑगस्ट २०१७ च्या सूचनेने त्याचा तपशील ठरवला. मेंदूला झालेली इजा, लैंगिक अत्याचार आणि छळ यांचाही त्यात स्पष्ट समावेश झाला. २५ जुलै २०१८ ला आणखी एक सूचना आली, तीत नंतरची वागणूक, दया आणि दुसरी संधी यांबद्दल सांगितलं आहे.

२०१७ च्या सूचनेत चार प्रश्न आहेत. ते एका काल्पनिक उदाहरणावर लावून बघू. समजा, एक सैनिक तीन वर्षं चांगलं काम करतो, एका युद्धभूमीवर जाऊन येतो. परत आल्यावर सहा महिन्यांत दारू वाढते, लघवीच्या तपासणीत गांजा सापडतो, मग तो दहा दिवस न सांगता गायब होतो. शेवटी अदर दॅन ऑनरेबल दर्जा मिळतो.

पहिला प्रश्न: गैरवर्तनाचं गांभीर्य कमी करू शकेल असा काही आजार किंवा अनुभव होता का? इथे अर्जदाराचं स्वतःचं म्हणणंदेखील पुरावा ठरू शकतं. दुसरा: तो सेवेच्या काळातला होता का? तिसरा: त्या आजारामुळे हे गैरवर्तन खरोखर समजण्यासारखं होतं का? चौथा: तो आजार गैरवर्तनापेक्षा वजनदार ठरतो का?

सगळी ओढाताण तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात असते. आठवणी टाळण्यासाठी पळ काढणं आणि त्रास दाबण्यासाठी नशा करणं हे पीटीएसडीशी जोडता येतं. म्हणून आपल्या काल्पनिक सैनिकाची बाजू इथे बरी आहे. पण त्याच फायलीत योजून केलेली चोरी असती, तर बोर्डाचा वैद्यकीय सल्लागार बहुधा म्हणाला असता की या आजाराने बरं-वाईट ओळखण्याची शक्ती जात नाही. आजार तोच, माणूस तोच, पण एका नोंदीने उत्तर फिरतं. उदार विचार म्हणजे हमखास मंजुरी नाही, हेही त्या सूचनेत स्पष्ट म्हटलं आहे.

आता संशोधकाच्या खुर्चीतून

हे निर्णय नावं-पत्ते काढून इंटरनेटवर सार्वजनिक वाचनकक्षात ठेवले जातात. म्हणजे डेटा फुकट आणि भरपूर. तरीही हात लावण्यापूर्वी चार गोष्टी पक्क्या करा.

१) निकाल हो-नाही असा नसतो. दर्जा अदर दॅन ऑनरेबलवरून जनरलवर येऊ शकतो. तेव्हा अर्ज ‘अंशतः मंजूर’ होतो, पण कॉलेजची सवलत मिळत नाही. कधी दर्जा बदलतो पण कारणाच्या चौकटीत ‘गैरवर्तन’ तसंच राहतं. कधी कारण बदलतं आणि दर्जा राहतो. एका रकान्याऐवजी निदान तीन लागतील: दर्जा, कारण आणि पुन्हा भरतीचा कोड.

२) तारीख हा चल आहे. २०१३ चा आणि २०१९ चा नकार एकाच नियमाखाली दिलेला नाही. वर आर्मीविरुद्धच्या एका सामूहिक खटल्यात २०२१ साली न्यायालयाने तडजोड मान्य केली आणि रिव्ह्यू बोर्डाला बरेच जुने नकार पुन्हा तपासावे लागले. तुमच्या नमुन्यात एकच माणूस दोनदा असू शकतो.

३) अर्ज न करणारे दिसत नाहीत. अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने मे २०१७ मध्ये एक अहवाल दिला. २०११ ते २०१५ या आर्थिक वर्षांत गैरवर्तनासाठी ९१,७६४ जणांना काढलं गेलं. त्यांपैकी ५७,१४१ जणांना, म्हणजे ६२ टक्क्यांना, आधीच्या दोन वर्षांत पीटीएसडी, मेंदूची इजा किंवा गैरवर्तनाशी संबंध असू शकेल असं दुसरं काही निदान झालं होतं. या ५७,१४१ पैकी १३,२८३ जणांना अदर दॅन ऑनरेबल दर्जा मिळाला. आकडा वाचून लगेच ‘६२ टक्क्यांना पीटीएसडी’ असं लिहू नका. जुळवून घेण्यातले विकार आणि दारूशी संबंधित विकार त्यात जास्त होते. आणि निदान आधी झालं म्हणजे त्यामुळेच गैरवर्तन झालं, असंही हा आकडा सांगत नाही.

४) निर्णयपत्र बोर्डाने लिहिलेलं आहे. अर्जदाराचं चार पानांचं पत्र त्यात दोन ओळींचं होतं. ‘पुरावा दिला नाही’ हे वाक्य दिसलं तर विचारा: पुरावा नव्हता, की कधी नोंदवलाच गेला नव्हता, की नोंदवलेला हरवला? १९७० सालच्या फायलीत पीटीएसडी शोधणाऱ्याला तो सापडणार नाहीच.

मग काय करायचं? शेवटच्या ओळीऐवजी कारणमीमांसेचं कोडिंग करा. चार प्रश्नांपैकी कुठल्या प्रश्नावर अर्ज अडला? आजारच मान्य झाला नाही, की मान्य होऊन संबंध नाकारला, की संबंध मान्य होऊनही गैरवर्तन भारी पडलं? हे तीन नकार तुमच्या तक्त्यात ‘०’ म्हणून सारखेच दिसतात, पण त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. पहिल्यावर उपाय चांगल्या पुराव्याचा; तिसऱ्यावर कितीही पुरावा आणला तरी फरक पडेलच असं नाही. अर्जदाराला मदत करणाऱ्या वकिलाला नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं, आणि साध्या मंजुरीच्या टक्केवारीतून ते कळत नाही.

सुरुवात छोटी ठेवा. एकाच बोर्डाचे, एकाच वर्षातले वीस निर्णय घ्या. तुम्ही आणि एखादा मित्र स्वतंत्रपणे वाचा आणि प्रत्येकात अर्ज कुठल्या प्रश्नावर अडला ते लिहा. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. जिथे तुमचं जुळत नाही, ते निर्णय पुन्हा वाचा. बऱ्याचदा तिथे बोर्डाने स्वतःच तिसरा आणि चौथा प्रश्न एकत्र कालवलेले असतात. तसं वारंवार दिसलं, तर तुमच्या प्रबंधाचा प्रश्न कदाचित तिथेच आहे.