चिंचोके, कवड्या आणि पोकरच्या चकत्या

चाकणचे कारखाने वाढल्यापासून कुरुळीसारख्या गांवींही सुटीच्या रात्रीं तरुण मंडळींत पोकरचे डाव रंगतांना आम्ही पाहतों. त्यासाठीं चकत्यांची पेटी येते. पण कोणत्या मोलाच्या किती चकत्या वांटाव्या, याचा विचार क्वचितच होतो. चिंचोके-कवड्या घेऊन पत्ते खेळणाऱ्या जुन्या मंडळींस तो हिशेब सहज कळे: हलकें नाणें पुष्कळ, जड थोडें.

समजा, सहा जण प्रत्येकीं १०० रुपये घेऊन बसले. प्रत्येकास रुपयाच्या २०, पांचाच्या ८ व विसाच्या २ चकत्या द्याव्या. एकूण १८० चकत्यांत काम भागतें. पेटी घेतांना एका रंगाचे निदान १२० नग आहेत ना, हें पाहावें. रुपयाच्या चकत्या अपुऱ्या पडल्या कीं घडोघडीं मोड मागावी लागते, मग कोणी कंटाळून म्हणतो, "पांचच लावा!" आणि खेळ नकळत पांचपट महाग होतो. खरा धोका हाच. कारण नोट देतांना मनास जी बोच लागते, ती चकती देतांना लागत नाहीं. मागाहून कोणी भर घातल्यास त्यास विसाच्याच द्याव्या. हलक्या चकत्या पटावर फिरतच असतात.

यजमानानें जागेबद्दल दमडीही घेऊं नये. १८८७ चा मुंबईचा जुगार-प्रतिबंधक कायदा अद्याप लागू आहे, आणि अशा नफ्यानें घर जुगारगृह ठरूं शकतें.

उठण्यापूर्वीं डब्यांतील रोकड व चकत्या ताडून पाहाव्या. बेरीज न जुळल्यास आधीं सतरंजी झटकावी, भांडण मागाहून.